महाजन म्हणजे कोण?

वनपर्वात यक्षाने युधिष्ठिराला जे प्रश्न विचारले, त्यांत खरा मार्ग कोणता, हाही एक होता. महाजन ज्या वाटेने गेले ती वाट, या आशयाचे धर्मराजाचे उत्तर कीर्तनांतून आणि शाळेच्या फळ्यांवरून आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अडचण 'महाजन' या शब्दातच आहे. महाजन म्हणजे थोर पुरुष, हा एक अर्थ. महाजन म्हणजे मोठा जनसमुदाय, हा दुसरा. गोमंतकाशी नाते असलेल्या आमच्या वाचकांना तिसराही अर्थ ठाऊक आहे : देवस्थानच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे आणि कारभारात ज्याला मत आहे, तो महाजन. पोर्तुगीज अमलात १९३३ साली झालेल्या देवस्थान नियमावलीने या शब्दाला कायद्याचे रूपही दिले. आता प्रश्न असा की, थोराच्या मागे जावे, पुष्कळांच्या मागे जावे, की ज्यांना मत आहे त्यांच्या मागे जावे? आणि मत आपल्यालाही असेल, तर त्या मताचे करायचे काय?

आम्ही धंद्याने वकील. एका शब्दाचे तीन अर्थ निघू लागले की कोणीतरी बुडणार, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. या वेळी बुडाले ते एक देवस्थान. आणि बुडवण्यात आमचा हातभार होता. पण ते क्रमाने सांगू.

आमचे बिऱ्हाड मावल्यास आहे. आदिलाबाद शहराला लागून, नागपूर-हैदराबाद महामार्गावर हे गाव आहे. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा मावला हे नवे मंडल बनले. येथून उत्तरेस थोड्या अंतरावर पैनगंगा. ती ओलांडली की महाराष्ट्र. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले, आणि सोयरसंबंध मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे येथल्या कोर्टाच्या आवारात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी अशा चार भाषा एकाच झाडाखाली ऐकू येतात. एकाच गोष्टीकडे पुष्कळ बाजूंनी पाहण्याची सवय माणसाला लागावी, असा हा मुलूख आहे. तरीही ती आम्हांला लागली नव्हती.

गेल्या थंडीत आमचा भाचा चार दिवस राहावयास आला. तो संगणकशास्त्र शिकतो. संध्याकाळी आम्ही दोघे मावल्याच्या तलावाकडे फिरावयास गेलो असता भोरड्यांचा एक थवा वर आला. भोरडी म्हणजे पळसमैना. परदेशातून हिवाळ्यापुरती येणारी, ज्वारीच्या शेतकऱ्याची जुनी वैरीण. सूर्य मावळताना तो थवा एकदा धुरासारखा पसरे, एकदा गोळा होई, एकदा दोरीसारखा पिळवटे. आम्ही सहज म्हणालो, "पुढारी कोण असेल रे यांचा?" भाचा हसला आणि म्हणाला, "मामा, तिथेच तर सगळे चुकतात. यांना पुढारीच नसतो."

त्यानंतर त्याने जे सांगितले आणि पुढे आम्ही आमच्या परीने जे वाचून काढले, ते येथे मांडावयाचे आहे. कारण युधिष्ठिराचाच प्रश्न गेली तीस वर्षे काही गणिती आणि अभियंते वेगळ्या भाषेत सोडवीत आहेत, आणि त्यांच्या हाती काही उत्तरे लागली आहेत.

१९९५ साली जेम्स केनेडी हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि रसेल एबरहार्ट हे विद्युत् अभियंते, या दोघा अमेरिकनांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला पार्टिकल स्वॉर्म ऑप्टिमायझेशन म्हणतात. आपण 'कणांच्या थव्याची पद्धत' म्हणू. कठीण गणितात सर्वांत चांगले उत्तर कोठे दडले आहे, ते शोधण्याचा हा उपाय. वाचकांनी असे समजावे की तलाव गढूळ आहे, तळ दिसत नाही, आणि सर्वांत खोल जागा शोधावयाची आहे. वीस माणसे वीस होड्यांत, प्रत्येकाच्या हाती लांब बांबू. प्रत्येक जण असेल तेथे बांबू घालून खोली पाहतो, आणि आपल्याला आजवर सर्वांत खोल कोठे लागले ती जागा लक्षात ठेवतो. सर्वांमिळून सर्वांत खोल कोणाला लागले, तेही ओरडून सगळ्यांना कळवले जाते. मग प्रत्येक होडी पुढची वल्ही मारते ती तीन ओढींच्या बेरजेने. पहिली ओढ, होडी आधीच ज्या दिशेने चालली होती त्या गतीची. दुसरी, स्वतःच्या सर्वोत्तम जागेची. तिसरी, सर्वांच्या सर्वोत्तम जागेची. यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या ओढीला दर वेळी एका यदृच्छ आकड्याने गुणतात, म्हणजे कधी स्वतःची आठवण जोरात ओढते, कधी लोकांची. एवढाच या पद्धतीचा संसार. तो एका ओळीत लिहिता येतो.

आम्हांला नवल वाटले ते मूळ लेखकांच्या शब्दयोजनेचे. स्वतःच्या जुन्या यशाकडे परतण्याच्या ओढीला त्यांनी गतकाळच्या हुरहुरीची उपमा दिली आहे. आणि समूहाच्या सर्वोत्तमाला जाहीर झालेल्या ज्ञानाची, सामाजिक मानदंडाची. पद्धतीच्या जन्माची कथाही मौजेची आहे. सुरुवातीला त्यांना पाखरांचा थवाच पडद्यावर उडवून पाहावयाचा होता. शेजाऱ्याच्या गतीशी गती जुळवा, एवढाच नियम दिला, तेव्हा थोड्याच वेळात सगळी पाखरे एकाच दिशेला एकमताने निघून गेली, आणि दिशा बदलेनात. त्या एकमतात जिवंतपणा नव्हता. म्हणून त्यांनी काही पाखरांच्या अंगी 'वेड' घातले : अधूनमधून कारण नसता दिशा बदलायची. पुढे शोधण्याजोगे काही ठिकाण थव्यासमोर ठेवल्यावर या वेडाची गरज उरली नाही आणि ते काढून टाकले. ज्या समाजाला शोधावयाचे काही नसते, त्यालाच वेड्यांची उसनवारी करावी लागते, असा याचा अर्थ आम्ही लावला. भाच्याला तो फार आवडला नाही.

आता खरा मुद्दा. स्वतःच्या आठवणीची ओढ जास्त ठेवली तर काय होते, आणि समूहाची जास्त ठेवली तर काय होते? पहिल्या लेखातच याचे उत्तर आहे. स्वतःची ओढ वाढवली तर एकेकटे कण अवकाशात नुसते भटकत राहतात. समूहाची वाढवली तर सगळा थवा जवळच्या एखाद्या खड्ड्याकडे घाईने धावतो, आणि त्यालाच तळ समजून तेथे स्थिरावतो. तलावाच्या भाषेत, कोणाला तरी कमरेएवढा खड्डा सापडतो, आरोळी उठते, आणि विसाच्या वीस होड्या तेथे गोळा होतात. बांबू बुडेल असा खरा डोह पलीकडच्या काठाशी तसाच राहतो. शास्त्रज्ञ याला अकाली एकवट म्हणतात.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटले. आम्हांला एक सभा आठवली.

पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात, आमच्या समाजाचे एक लहानसे देवस्थान आहे. त्याच्या विश्वस्त मंडळावर आम्ही नऊ जण होतो. देवस्थानकडे गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी जमवलेला एक निधी बँकेत ठेवलेला होता. काही वर्षांपूर्वी अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला की तो एका पतसंस्थेत हलवावा. व्याज जास्त मिळते, आणखी दोन देवस्थानांनी तसे केलेही आहे. अध्यक्ष कर्तबगार गृहस्थ. शून्यातून व्यापार उभारलेले, ज्यात हात घातला त्यात यश आलेले. मंडळात एक वृद्ध निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा म्हणाले, "मी त्या कचेरीत दोनदा गेलो. ताळेबंद मागितला. दोन्ही वेळा उद्या या म्हणाले." कोणीतरी म्हणाले, "अण्णा, तुम्हांला सगळीकडे उद्याच दिसतो." सभेत हशा झाला. अण्णा पुढे काही बोलले नाहीत.

आता आमची गोष्ट. सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे ठेवावा, हे महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये सांगितले आहे. अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे अशी ठिकाणे त्यात आहेत; त्याबाहेर जावयाचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. नऊ जणांत हे कलम ठाऊक असलेला माणूस एकच, आणि तो गप्प बसला. का? भीती नव्हती, लोभ तर नव्हताच. आमच्या मनात असे चालले होते की अध्यक्षांनी परवानगीचे पाहिले असेलच. एवढे सगळे अनुभवी लोक मान डोलावीत आहेत. आपल्यालाच काही ठाऊक नसेल. इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले : 'ठराव सर्वानुमते संमत.'

अडीच वर्षांनी पतसंस्थेचे दार बंद झाले. त्यानंतरच्या सभेत हळूहळू कळले की नवापैकी आणखी तिघांना त्या दिवशी शंका होती. एकाच्या मेहुण्याची ठेव तेथे आधीच अडकली होती. प्रत्येकाने इतरांच्या शांततेला पुरावा मानले होते. आणि इतर प्रत्येकाने त्याच्या. त्या वर्षी दोन मुलींच्या शुल्काची तजवीज होऊ शकली नाही. त्यातील एक पुढे शिकली, दुसरी नाही. तिच्या वडिलांनी आम्हांला कधी विचारले नाही, हे अधिक टोचते.

कोणी म्हणेल की यावरचा उपाय स्पष्टच आहे : माणसाने आपल्या बुद्धीने चालावे, थव्यामागे जाऊ नये. आमचेही पहिले मत तेच झाले. पण विज्ञान इतके सोयीचे बोलत नाही. केनेडींनी १९९७ साली याच पद्धतीची चार रूपे करून पाहिली. एकात स्वतःची आणि समूहाची अशा दोन्ही ओढी ठेवल्या. एकात केवळ स्वतःची. एकात केवळ समूहाची. आणि एकात स्वतःला वगळून फक्त शेजाऱ्यांची. त्यांनी घेतलेल्या कसोटीवर केवळ समूहाकडे पाहणारे रूप पूर्ण रूपाहूनही चपळ निघाले, आणि केवळ स्वतःच्या आठवणीवर चालणारे मागे पडले. एकांड्या शिलेदाराची स्तुती करणाऱ्यांनी हे विसरू नये. साध्या, एकच डोह असलेल्या तळ्यात पुष्कळांच्या मागे जाणे शहाणपणाचेच आहे. औषध, पेरणी, रस्ता यांत आपण रोज तेच करतो आणि त्यातच आपले भले असते. घात होतो तो खड्डे पुष्कळ असलेल्या तळ्यात. दुर्दैव असे की आपण कोणत्या तळ्यात उतरलो आहोत, हे पाण्यावरून कळत नाही.

म्हणून गेल्या तीस वर्षांत या पद्धतीत ज्या सुधारणा झाल्या, त्या बहुतेक एकाच चिंतेतून झाल्या : एकमेकांकडून शिकावे, पण घाईने एकवटू नये. सगळ्यांची यादी देण्यात अर्थ नाही. ती फार लांब आहे, आणि खरे सांगावयाचे तर अनेक सुधारणा नावापुरत्याच नव्या आहेत. चार-पाच मात्र विचार करण्याजोग्या.

१९९८ मध्ये युहुई शी आणि एबरहार्ट यांनी पहिल्या ओढीला, म्हणजे चालू गतीला, एक भार लावला. तो आरंभी मोठा ठेवावा आणि हळूहळू कमी करावा, साधारण ०.९ पासून ०.४ पर्यंत, अशी रीत पुढे रूढ झाली. आरंभी दूरवर फिरा, मग सावकाश एका ठिकाणी बारकाईने पाहा. ब्रह्मचाऱ्याने देशाटन करावे आणि गृहस्थाने घर सांभाळावे, ही आपली जुनी व्यवस्था यापाशी येते. २००२ मध्ये मॉरिस क्लर्क या फ्रेंच गणितज्ञाने केनेडींच्या साह्याने असे दाखवले की ओढींची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली तर कण उधळतात, आणि सगळ्या गतीला सुमारे ०.७३ ने गुणले की ते आवरले जातात. यातले गणित आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. निग्रह हवा, एवढे समजले.

अधिक महत्त्वाची सुधारणा ही की 'सर्वांत श्रेष्ठ कोण' हे सगळ्यांना एकदम कळवूच नये. प्रत्येक कणाने आपल्या थोड्या शेजाऱ्यांपुरतेच पाहावे. शेजारी त्यांच्या शेजाऱ्यांकडे पाहतात, आणि चांगली बातमी तळ्यावर सावकाश पसरते. तेवढ्या अवधीत दुसऱ्या काठाला कोणीतरी आपला शोध चालू ठेवू शकतो. केनेडी आणि रुई मेंडेस यांनी २००२ मध्ये शेजाराच्या निरनिराळ्या रचना तपासल्या, तेव्हा जाळीसारखी रचना, जीत प्रत्येकाला चार शेजारी असतात, ती विशेष चांगली निघाली. आणि खरी पाखरेही तेच करतात! रोमच्या आकाशातील मैनांच्या थव्यांची छायाचित्रे घेऊन इटालियन शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवले की प्रत्येक पाखरू अंतर न पाहता आपल्या जवळच्या सहा-सात पाखरांशीच जुळवून घेते. त्या संशोधकांत जॉर्जो पारिसी होते. त्यांना २०२१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. भाच्याचे म्हणणे खरे होते. त्या धुरासारख्या थव्यात पुढारी नव्हता. सहा-सात शेजारी होते.

येथे आम्हांला 'महाजन' शब्दाचा पहिला अर्थ डळमळीत वाटू लागला. थोराच्या मागे सगळ्यांनी एकदम जाणे, यात थोराचेही नुकसान आहे. कसे ते पाहा. या पद्धतीत जो कण सध्या सर्वश्रेष्ठ आहे, त्याचे स्वतःचे सर्वोत्तम आणि समूहाचे सर्वोत्तम एकच असते. तो त्या जागी उभा असला की त्याला ओढणारे काही उरत नाही. गती संपली की तो जागच्या जागी थांबतो, आणि मागून येणारेही तेथेच येऊन थांबतात. फ्रान्स व्हान डेन बर्ग या दक्षिण आफ्रिकेतील संशोधकाने २००२ च्या सुमारास यावर उपाय सुचवला तो असा : श्रेष्ठ कणाने इतरांप्रमाणे चालू नये, त्याने आपल्या भोवती यदृच्छेने चाचपडत राहावे. सर्वांहून जास्त चाचपडण्याचे कर्तव्य श्रेष्ठाचे! श्रेष्ठ जे आचरतो तेच इतर आचरतात, म्हणून श्रेष्ठाने कर्म सोडू नये, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे. आमच्या अध्यक्षांना त्या दिवशी कोणी चाचपडू दिले नाही. हशा त्यांच्या बाजूने झाला, हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता.

दुसरी एक सुधारणा आम्हांला फार आपली वाटली. २००६ मध्ये लियांग, सुगंथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा नियम केला की कणाने सगळे एकाकडूनच शिकू नये. लांबीच्या बाबतीत एकाच्या अनुभवाकडे पाहावे, रुंदीच्या बाबतीत दुसऱ्याच्या. खड्ड्यांनी भरलेल्या तळ्यात ही रीत विशेष उपयोगी ठरली. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू केले ते याच न्यायाने. पृथ्वीकडून क्षमा घेतली, पण तिचे जडत्व घेतले नाही. कबुतराकडून आसक्तीचा परिणाम शिकला, पण घरटे बांधले नाही. त्या अवधूताला दत्तात्रेय मानणारे आपण, येथून जवळच माहूरच्या शिखरावर जाऊन मस्तक टेकवतो, आणि परत येताना सर्वच बाबतींत एकाच माणसाचे ऐकतो.

आपल्याकडेही या विषयात काम झाले आहे. सुरतेच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. व्यंकट राव यांची २०१६ ची 'जया' नावाची पद्धत सांगते की श्रेष्ठाकडे सरका, तसेच निकृष्टापासून दूर सरका. आनंद कुलकर्णी या आपल्या मराठी संशोधकाने सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये 'कोहोर्ट इंटेलिजन्स', म्हणजे सवंगड्यांची बुद्धी, ही पद्धत मांडली. तीत गटातील प्रत्येक जण कोणाचे अनुकरण करावे ते स्वतः निवडतो. चांगल्याची निवड होण्याचा संभव अधिक, पण सक्ती नाही. आज याच्याकडून, उद्या त्याच्याकडून. एका वर्गातील मुले एकमेकांचे पाहून सुधारतात, तसे.

आणि या सगळ्यांवर १९९७ चा वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांचा सिद्धान्त पहारा देत बसलेला आहे : सर्व संभाव्य प्रश्न एकत्र घेतले, तर कोणतीही एक शोधपद्धत दुसरीहून सरस नसते. आपद्धर्म वेगळा का सांगावा लागला, हे आम्हांला शांतिपर्वापेक्षा या सिद्धान्ताने अधिक लवकर पटवले, हे कबूल करतो.

इतके वाचून झाल्यावर भाच्याला आम्ही सभेची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, पण तुमची सभा या पद्धतीत बसतच नाही." आम्हांला थोडे वाईटच वाटले; इतका वेळ आम्ही दोन्हींची सांगड घालीत होतो. तो म्हणाला, "इथे प्रत्येक कण आपल्याला लागलेली खोली खरी सांगतो. खोली लपवणारा कण कुणी कल्पिलाच नाही. असा कण असेल तर कुठलीच सुधारणा चालणार नाही."

आमच्या मते या विषयातील सर्वांत मोलाचा शब्द हा होता, आणि तो कोणत्या ग्रंथात आम्हांला सापडला नव्हता. तीस वर्षांच्या सुधारणा या सगळ्या ऐकण्याच्या सुधारणा आहेत : कोणाचे ऐकावे, किती ऐकावे, केव्हा ऐकावे. सांगणे त्यांनी गृहीत धरले आहे. आम्ही अध्यक्षांच्या मागे गेलो, हा आमचा दोष नव्हेच. एखादे वेळी तेच योग्य ठरले असते. आम्ही आमच्या बांबूला लागलेली खोली सांगितली नाही, हा दोष. पुढे जाऊन इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहून अण्णांना लागलेली खोलीही पुसून टाकली, हा त्याहून मोठा.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची चार प्रमाणे सांगितली आहेत : श्रुती, स्मृती, सदाचार आणि आत्मतुष्टी. कायद्याच्या वर्गात आम्ही ही चार नावे पाठ केली आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले. आज ती वेगळी दिसतात. चालत आलेली गती म्हणजे श्रुती-स्मृती. सज्जनांचे आचरण म्हणजे सदाचार, समूहाची ओढ. आणि शेवटी स्वतःच्या अंतःकरणाची साक्ष. ती शेवटी ठेवली, हे खरे. शास्त्रकारांना माणसाच्या मनमानीची भीती होती, आणि ती अस्थानी नव्हती. पण शेवटी का होईना, ती ठेवली. काढून टाकली नाही.

आमच्या पेशाला यातले एक चांगले ठाऊक आहे, आणि ते म्हणजे विरोधी मत छापून ठेवणे. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, जबलपूरच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की त्या काळापुरते स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी आधी निराळे मत दिले होते, तरीही. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. पुढे ज्येष्ठता असून त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. पण त्यांचे मत निकालपत्राचा भाग म्हणून ग्रंथात राहिले, आणि एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निर्णय रद्द ठरवला. १९७६ च्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली तो निर्णय रद्द करणाऱ्यांत त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. एकट्या बांबूने मोजलेली खोली पुस्तकात लिहून ठेवलेली होती, म्हणून थव्याला तेथे परतता आले. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या लेखनिकाने 'सर्वानुमते' असे लिहिले असते तर?

अर्थात माणूस म्हणजे कण नव्हे, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. कणाला सभेनंतर जेवणाच्या पंगतीला बसावयाचे नसते; त्याच्या मुलीचे लग्न अध्यक्षांच्या नात्यात ठरलेले नसते. लहान समाजात खरे बोलण्याची किंमत मोठी असते, आणि ती एकरकमी नव्हे, वर्षानुवर्षे हप्त्यांनी द्यावी लागते. अण्णांनी ती दिली. त्या हशानंतर ते सभांना येईनासे झाले, आणि आम्हांपैकी कोणी त्यांना बोलावण्यास गेला नाही. शिवाय तलावाची खोली बांबूने मोजता येते. माणसाचे हित कोणत्या बांबूने मोजावे, यावरच वाद असतो. अध्यक्षांना व्याज मोजावयाचे होते, अण्णांना निर्धास्तपणा. दोघेही आपापल्या मापाने प्रामाणिक होते. हे सारे मान्य करूनही कलम ३५ ची एक ओळ वाचून दाखवण्यास आम्हांला कोणत्याही तत्त्वज्ञानाची गरज नव्हती. अर्धा मिनिट पुरला असता.

निधीच्या वसुलीचा अर्ज सध्या चालू आहे आणि तो आम्हीच, अर्थात फी न घेता, चालवीत आहोत. मागच्या तारखेला समोरच्या वकिलांनी इतिवृत्ताची प्रत पुढे केली आणि ठराव सर्वानुमते झाला होता याकडे लक्ष वेधले. अक्षर आमचे होते. आम्ही ते नाकारले नाही. हजर असलेल्या नवापैकी एकाचा विरोध होता आणि लिहिणाऱ्याने तो नोंदवला नाही, असे प्रतिज्ञापत्र आम्ही आता केले आहे. ते करण्यापूर्वी अण्णांच्या घरी गेलो. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. मसुदा त्यांच्या हाती दिला, त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली, आणि विचारले, "ती मुलगी आता काय करते?"

गेल्या पाडव्याच्या सभेत आम्ही सुचवले की यापुढे मतदानापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने आपले म्हणणे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे, आणि चिठ्ठ्या इतिवृत्ताला जोडाव्यात. अध्यक्षांनी तात्काळ होकार दिला. दोघांनी मात्र हरकत घेतली. अशाने समाजात फूट दिसेल, असे त्यांचे म्हणणे. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. दोघांची नावे आणि हरकत आम्ही वहीत लिहून घेतली.